ऑस्ट्रिया-हंगेरीतील भाषाप्रश्न आणि पहिले महायुद्ध

पहिल्या महायुद्धाच्या कारणांची मीमांसा करताना परस्परविरोधी मित्रसंघ, शस्त्रास्त्रांची स्पर्धा, वसाहतींची हाव आणि राष्ट्रवाद या चार गोष्टींचा निर्देश करण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी पहिल्या तीन गोष्टी बऱ्याचशा मोजता येण्यासारख्या आहेत. तहांची कलमे वाचता येतात, युद्धनौकांची संख्या काढता येते, वसाहती नकाशावर दाखविता येतात. चौथ्या कारणाचा मात्र बहुधा नुसता नामोच्चार होतो. राष्ट्रवाद म्हणजे हवेतून पसरणारी एखादी साथ असावी आणि ती १९१४ च्या उन्हाळ्यात युरोपभर फैलावली असावी, अशीच वाचकाची समजूत व्हावी. वस्तुतः ज्या राज्याने युद्धाची पहिली घोषणा केली, त्या ऑस्ट्रिया-हंगेरीत राष्ट्रवादाचे स्वरूप अत्यंत मूर्त होते. शाळेतील वर्ग, कचेरीत द्यावयाचा अर्ज, शिरगणतीतील रकाना आणि पलटणीतील हुकूम या चार ठिकाणी तो रोज दृष्टीस पडे. आणि चारही ठिकाणी वाद होता तो भाषेचा.

१९१० च्या शिरगणतीप्रमाणे या राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी १० लाख होती. तीत जर्मनभाषी सुमारे १ कोटी २० लाख आणि मग्यार, म्हणजे हंगेरियन बोलणारे, सुमारे १ कोटी होते. त्यांच्याखेरीज चेक, पोलिश, सर्बो-क्रोएशियन, रुथेनियन, रुमानियन, स्लोव्हाक, स्लोव्हेन आणि इटालियन या भाषा बोलणारे लोक होते. सत्ताधारी म्हणविल्या जाणाऱ्या दोन्ही भाषांचे लोक एकत्र केले तरी निम्मी लोकसंख्या भरत नव्हती. परंतु केवळ या बहुविधतेत युद्धाचे बीज होते असे समजणे चुकीचे ठरेल. हाब्सबर्ग घराण्याच्या या प्रजाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी राहून शेती केली होती, बाजारात दोन-तीन भाषा सहज वापरल्या होत्या, आणि त्यासाठी कोणी कोणाचे डोके फोडले नव्हते. भाषा ही हक्क मोजण्याचे माप ठरल्यानंतर परिस्थिती पालटली.

हे माप केव्हा ठरले? हंगेरीचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे १८४४ पर्यंत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती. ती कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे तिच्या वापराने कोणाचा अपमानही होत नव्हता. सम्राट दुसरा योझेफ याने १७८४ मध्ये लॅटिनच्या जागी जर्मन आणण्याचा हुकूम काढला. त्याचा हेतू कारभाराच्या सोयीपुरता मर्यादित होता; मृत भाषेत राज्य चालविणे हे त्या बुद्धिवादी राजाला हास्यास्पद वाटे. पण जिवंत भाषा निवडताच 'कोणाची भाषा?' हा प्रश्न उभा राहिला. १७९० मध्ये त्याला आपले बहुतेक हुकूम परत घ्यावे लागले. मग्यार सरदारवर्गाला मात्र त्यातून आपल्या भाषेचे राजकीय मोल कळून आले, आणि १८४४ मध्ये मग्यार ही राज्यभाषा झाली. जर्मनविरुद्ध मग्यारांनी जे जे युक्तिवाद केले होते, ते सर्व पुढे स्लोव्हाक, रुमानियन आणि क्रोएट यांनी मग्यारविरुद्ध केले. युक्तिवादाला मालक नसतो.

१८६६ मध्ये प्रशियाकडून पराभव झाल्यावर सम्राट फ्रान्झ योझेफ याने १८६७ मध्ये मग्यारांशी करार केला व राज्याचे दोन भाग पाडले. परराष्ट्रव्यवहार, सैन्य आणि त्या दोहोंपुरता खजिना समाईक राहिला. बाकी सर्व कारभार व्हिएन्ना व बुडापेस्ट येथून स्वतंत्रपणे चालू लागला. या दोन भागांची भाषाविषयक तत्त्वे मुळातच भिन्न होती. ऑस्ट्रियाच्या १८६७ च्या मूलभूत कायद्यातील १९ व्या कलमाने राज्यातील सर्व लोकसमूहांना समान हक्क दिले आणि शाळा, कचेरी व सार्वजनिक जीवन यांत प्रांतात रूढ असलेल्या सर्व भाषांची समानता मान्य केली. हंगेरीच्या १८६८ च्या कायद्याने मात्र राज्यात एकच अविभाज्य हंगेरियन राजकीय राष्ट्र असल्याचे जाहीर करून खालच्या कचेऱ्या व शाळा यांपुरती इतर भाषांना मोकळीक दिली. हा कायदा कागदावर बराच उदार होता. व्यवहारात १८७५ मध्ये स्लोव्हाकांची 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही संस्था बंद करण्यात आली, १८७९ मध्ये प्राथमिक शाळांत मग्यार सक्तीची झाली, आणि १९०७ मध्ये शिक्षणमंत्री आपोन्यी याच्या कायद्याने इतरभाषी शाळांवरील पकड अधिक घट्ट केली. हंगेरीत मताधिकार लोकसंख्येच्या शेकडा सुमारे ६ लोकांनाच होता. त्यामुळे बुडापेस्टच्या लोकसभेत अन्य भाषिकांचे प्रतिनिधी बोटांवर मोजण्याइतके असत. ज्याला सभागृहात बोलता येत नाही तो सीमेपलीकडे पाहू लागतो. हंगेरीतील रुमानियन बुखारेस्टकडे आणि सर्ब बेलग्रेडकडे पाहू लागले, यात आश्चर्य कसले?

आता शिरगणतीकडे वळले पाहिजे, कारण राष्ट्रीयत्वाचे रूपांतर अंकांत करण्याचे काम तिने केले. १८८० पासून ऑस्ट्रियात प्रत्येकाची 'व्यवहारभाषा' विचारली जाऊ लागली. हंगेरीत 'मातृभाषा' विचारली जाई. ऑस्ट्रियातील व्यवस्थेत एका माणसाला एकच भाषा नोंदविता येत असे. घरी स्लोव्हेन आणि कामावर इटालियन किंवा जर्मन बोलणाऱ्या मजुराने काय लिहावे? तो ज्याच्याकडे नोकरीस असे त्याची भाषा पुष्कळदा लिहिली जाई. गॅलिशियातील यहुद्यांची यिडिश ही भाषा यादीतच नसल्यामुळे त्यांची गणना बहुधा पोलिशांत होत असे. त्रिएस्त शहरात १९१० च्या मोजणीविरुद्ध स्लोव्हेनांनी तक्रार केल्यावर फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांचा आकडा सुमारे ३६ हजारांवरून सुमारे ५७ हजारांवर गेला. माणसे तीच, शहर तेच, वर्षही तेच! हंगेरीत, क्रोएशिया वगळून, मग्यारभाषकांचे प्रमाण १८८० मध्ये शेकडा ४७ च्या आत होते, ते १९१० मध्ये ५४ च्या वर गेले. यात शहरांची वाढ, यहुदी व जर्मन मध्यमवर्गाने खुषीने केलेला भाषापालट आणि गणकाची लेखणी या तिहींचा वाटा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. सीमाप्रश्नाच्या वाङ्मयातून मातृभाषेच्या आकड्यांवरील वाद ज्यांनी वाचले असतील, त्यांना या प्रकाराची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने द्वैभाषिकता ही नित्याची अवस्था होय. शिरगणतीच्या दृष्टीने ती नोंदीतील अडचण ठरली. आणि एकदा आकडा छापला गेला की शाळा, प्रतिनिधी आणि नोकऱ्या त्या आकड्याच्या प्रमाणात मागता येऊ लागल्या.

'नोकऱ्या' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बोहीमियातील भाषावाद हा बाह्यतः अस्मितेचा असला, तरी त्याच्या मुळाशी सुशिक्षित मध्यमवर्गाच्या उपजीविकेचा प्रश्न होता. कचेरीची 'बाह्य' भाषा, म्हणजे नागरिकाशी बोलण्याची भाषा, आणि 'आंतर' भाषा, म्हणजे कचेऱ्यांनी आपापसांत लिहिण्याची भाषा, असा भेद तेथे केला जाई. १८८० च्या हुकुमाने बाह्य व्यवहारात चेक व जर्मन दोन्ही भाषांना स्थान मिळाले होते. पंतप्रधान काउंट बादेनी याने एप्रिल १८९७ मध्ये आंतर व्यवहारही द्विभाषिक केला आणि बोहीमिया व मोराव्हियातील अधिकाऱ्यांना १९०१ च्या मध्यापर्यंत दोन्ही भाषा शिकण्याची अट घातली. वरवर पाहता यात समानतेचा कळस होता. परंतु सुशिक्षित चेक माणसाला जर्मन आधीच येत होती; जर्मन माणसाला चेक येत नव्हती, आणि तिला शिकण्यायोग्य भाषा मानण्याची त्याची तयारीही नव्हती. शिवाय उपर्युक्त १९ व्या कलमातच, प्रांतातील दुसरी भाषा शिकण्याची सक्ती कोणावर होऊ नये, असे आश्वासन होते. एकाच कलमातील समानता आणि असक्ती ही दोन वचने परस्परांशी झगडू लागली.

परिणामी जे घडले ते आजही वाचण्यासारखे आहे. ऑक्टोबर १८९७ मध्ये ओटो लेशर या जर्मन प्रतिनिधीने व्हिएन्नाच्या संसदेत सलग बारा तास भाषण करून कामकाज अडवून धरले. मार्क ट्वेन त्या वेळी व्हिएन्नात होता व त्याने त्या दृश्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. नोव्हेंबरमध्ये व्हिएन्ना व ग्रात्स येथे दंगली झाल्या, बादेनीला जावे लागले, मग चेकांनी प्रागमध्ये दंगली केल्या. १८९९ मध्ये हुकूमही मागे घेण्यात आले. तत्पूर्वी १८९५ मध्ये त्सेल्ये या लहानशा गावातील शाळेत स्लोव्हेन माध्यमाचे वर्ग काढण्याच्या प्रश्नावर एक मंत्रिमंडळ कोसळले होतेच. एका गावच्या शाळेतील काही वर्गांवरून साम्राज्याचे सरकार पडावे, हे प्रथमदर्शनी विनोदी वाटते. पण भाषेचा प्रत्येक स्थानिक प्रश्न आता शेजारच्या प्रत्येक प्रांतासाठी पायंडा ठरत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील विनोद नाहीसा होतो.

या संसदीय झगड्याचा महायुद्धाशी असलेला संबंध दूरान्वयाचा नाही. १९०७ मध्ये ऑस्ट्रियात सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. वर्गीय पक्ष भाषिक पक्षांना मागे सारतील ही आशा मात्र फोल ठरली. जर्मनांच्या अडवणुकीमुळे बोहीमियाची प्रांतिक सभा निकामी झाली व १९१३ मध्ये बरखास्त करण्यात आली. त्याच्या निषेधार्थ चेकांनी व्हिएन्नाची संसद अडविली. आणि पंतप्रधान काउंट श्ट्यूर्ख याने १६ मार्च १९१४ रोजी ती तहकूब केली. तिची पुढील बैठक भरली ती ३० मे १९१७ रोजी. जुलै १९१४ मध्ये युद्धाचा निर्णय घेताना ऑस्ट्रियाच्या मंत्र्यांना लोकप्रतिनिधींपुढे उभेच राहावे लागले नाही. बर्लिनमध्ये व पॅरिसमध्ये निदान संसदेची संमती मिळवावी लागली. व्हिएन्नात संसदेची इमारत रुग्णालयासाठी मोकळी होती, आणि युद्धकाळात तिचा तसा उपयोग करण्यातही आला. १९१६ मध्ये फ्रीड्रिख आडलर याने श्ट्यूर्खचा खून केला, त्यामागेही संसद बोलावली जात नाही हा रोष होता. भाषावादाने लोकांना युद्धाकडे ढकलले असे म्हणण्यापेक्षा, युद्ध रोखू शकणारी एकमेव सार्वजनिक संस्था त्याने आधीच निकामी करून ठेवली, हे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

सैन्याची कथा याहून विलक्षण आहे. समाईक सैन्यात भाषेचे तीन स्तर होते. कवायतीच्या व लढाईच्या हुकुमांसाठी सुमारे ऐंशी जर्मन शब्दांची एक 'हुकूमभाषा' होती. कार्यालयीन व्यवहारासाठी जर्मन ही 'सेवाभाषा' होती. आणि ज्या पलटणीत शेकडा वीस वा त्याहून अधिक शिपाई एखादी भाषा बोलत, तेथे ती 'पलटणभाषा' ठरे व अधिकाऱ्यांना ती ठरावीक मुदतीत शिकावी लागे. भाषानियोजनाच्या इतिहासात यापेक्षा व्यवहारी व्यवस्था क्वचितच सापडेल. परंतु १९०३ मध्ये हंगेरीतील स्वातंत्र्यवादी पक्षाने हंगेरियन पलटणींत ते ऐंशी शब्द मग्यार असावेत असा आग्रह धरला. सम्राटाने साफ नकार दिला. सैन्याची एकात्मता त्या ऐंशी शब्दांवर उभी आहे अशी त्याची श्रद्धा होती. त्यातून उद्भवलेला पेच १९०६ पर्यंत चालला आणि सैन्यभरतीचा कायदा अडकून राहिला. १८८९ मध्ये ठरलेली वार्षिक भरतीची संख्या १९१२ पर्यंत वाढविता आली नाही. इतर महासत्ता आपली सैन्ये फुगवीत असताना हे राज्य मागे पडत गेले, आणि 'अजून थोडे थांबलो तर लढणेही शक्य होणार नाही' ही भावना सेनापती कॉनराड याच्यासारख्यांच्या मनात पक्की झाली. सर्बियावर आधीच हल्ला करावा असा धोशा तो कित्येक वर्षे लावीत होता. तेव्हा सैन्याच्या दुर्बलतेने तो शांततावादी झाला नाही, उलट अधीर झाला.

सर्बियाच इतकी भयप्रद का वाटावी? हा प्रश्न समजण्यासाठी दक्षिण स्लाव भाषांचा थोडा विचार आवश्यक आहे. या प्रदेशातील बोलींची नावे 'काय' या अर्थाच्या सर्वनामावरून पडली आहेत : 'श्टो', 'काय्‌' आणि 'चा' म्हणणाऱ्या बोली. ('काय्‌' हे रूप मराठी कानाला परिचित वाटते, पण तो निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा.) वुक काराजिच याने 'श्टो' गटातील लोकभाषेला ग्रांथिक प्रतिष्ठा दिली. त्याला उत्तेजन देणारा कोपितार हा व्हिएन्नाच्या राजग्रंथालयातील अधिकारी होता. वुकचा १८१८ चा कोशही व्हिएन्नातच छापला गेला. १८५० मध्ये सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन विद्वानांनी समाईक ग्रांथिक भाषेविषयी जो करार केला, त्यावरही सह्या झाल्या त्या व्हिएन्नातच. ज्या राजधानीने या ऐक्याला भीतभीत तोंड दिले, त्याच राजधानीत त्याची बोलीवैज्ञानिक पायाभरणी झाली होती. या ऐक्याचे दोन अर्थ संभवत होते. क्रोएट विचारवंतांना त्यात समान बंधूंची जूट दिसे. वुकने मात्र १८४९ मध्ये 'श्टो' बोलणारे सारे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, सर्बच आहेत असे मांडले होते. बोलीच्या सीमारेषेला राज्याची सीमारेषा मानले, तर सर्बियाच्या मागणीत बोस्निया आणि क्रोएशियाचा मोठा भाग येत होता.

बोस्निया १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात आला. तेथील कारभार १८८२ ते १९०३ या काळात पाहणाऱ्या काल्लाय याने यावर भाषिक उतारा शोधला. तेथील भाषेला त्याने अधिकृतपणे 'बोस्नियन' म्हटले व १८९० मध्ये तिचे शालेय व्याकरण काढविले. हेतू हा की, लोकांनी स्वतःला सर्ब वा क्रोएट न समजता बोस्नियन समजावे. त्याच्या पश्चात, १९०७ मध्ये, भाषेचे अधिकृत नाव 'सर्बो-क्रोएशियन' करण्यात आले. नावाचा हा खल चालला असताना १९१० च्या शिरगणतीत बोस्नियातील निरक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे ८८ निघाले, आणि जमीनदाराला उत्पन्नाचा हिस्सा देणाऱ्या 'क्मेत' कुळांची प्रथा कायम होती. गाव्रिलो प्रिन्सिप हा अशाच एका कुळाचा मुलगा. शिक्षणाने ज्यांना वर्तमानपत्रे वाचता आली पण ज्यांच्या घरची कुळवहिवाट सुटली नाही, अशा तरुणांची ती पिढी होती. १९१४ च्या ऑक्टोबरातील खटल्यात त्याने स्वतःला सर्व दक्षिण स्लावांच्या ऐक्याचा पुरस्कर्ता म्हणविले. व्याकरण देऊन जमिनीचा प्रश्न मिटत नाही, ही साधी गोष्ट काल्लायसारख्या चतुर प्रशासकाच्या ध्यानी आली नाही, हे नवलच म्हणावयाचे.

व्हिएन्नाच्या भीतीला आणखी एक आधार होता. १८५९ व १८६६ मध्ये लोम्बार्डी आणि व्हेनिस हे प्रांत तिने गमावले होते, ते पीडमाँट या छोट्या राज्याच्या नेतृत्वाखाली घडलेल्या इटालियन भाषिकांच्या एकीकरणामुळे. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा प्रदेश जवळजवळ दुप्पट झाल्यावर सर्बिया हे दक्षिण स्लावांचे पीडमाँट आहे ही उपमा दोन्ही बाजूंनी वापरली जाऊ लागली. या उपमेचा मोह टाळणे अवश्य होते. साम्राज्यातील बहुसंख्य चेक, स्लोव्हेन व क्रोएट नेत्यांना १९१४ पर्यंत राज्य मोडावयाचे नव्हते. त्यांना त्यातच स्वायत्तता हवी होती. १९०५ मध्ये मोराव्हियात जर्मन व चेक मतदारांच्या वेगळ्या याद्या करून तडजोड साधली होती. १९१० मध्ये बुकोव्हिनात आणि १९१४ च्या आरंभी गॅलिशियातही तसा मार्ग निघाला. कार्ल रेनर व ओटो बाउअर या समाजवादी विचारवंतांनी तर राष्ट्रीयत्व हे भूमीऐवजी व्यक्तीशी जोडावे, अशी योजना सविस्तर मांडली होती. युवराज फ्रान्झ फर्डिनंड यालाही मग्यारांचे वर्चस्व कमी करावयाचे होते, आणि सर्बियाशी युद्ध त्याला नको होते. नेमका त्याचाच २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत वध झाला.

जुलैमधील खलबतांत भाषेचे गणित पुन्हा पुन्हा डोकावते. ७ जुलैच्या मंत्रिपरिषदेत हंगेरीचा पंतप्रधान टिसा याने एकट्याने तात्काळ युद्धाला विरोध केला. पुढे त्याने संमती दिली ती सर्बियाचा प्रदेश राज्याला जोडून घेऊ नये या अटीवर. कारण राज्यात स्लाव प्रजा वाढली तर मग्यारांचे पारडे हलके झाले असते. जो प्रदेश जिंकून ठेवावयाचाही नाही त्यासाठी युद्ध, असा हा तर्क होता! २३ जुलैला सर्बियाला धाडलेल्या निर्वाणीच्या खलित्यातील दहा मागण्यांपैकी पहिल्या तीन वृत्तपत्रे, 'नारोद्ना ओद्ब्राना' ही संस्था आणि शाळांतील शिक्षण यांसंबंधी होत्या. हा खलिता फ्रेंच भाषेत होता, आणि २८ जुलैला युद्धाची घोषणा करणारी तारही फ्रेंचमध्येच गेली. त्याच दिवशीच्या जाहीरनाम्यात वृद्ध सम्राटाने आपल्या प्रजेला उद्देशून जो शब्द वापरला तो अनेकवचनी होता : 'माझ्या लोकसमूहांना'.

येथपर्यंतच्या विवेचनाने सर्बियावरील स्वारीचा उलगडा होतो; तिचे जागतिक युद्धात रूपांतर का झाले याचा होत नाही. त्यासाठी ५ व ६ जुलैला बर्लिनने दिलेले बिनशर्त पाठबळ, ३० जुलैची रशियाची सार्वत्रिक सैन्यसिद्धता, आणि फ्रान्सवर प्रथम चाल करून बेल्जियममार्गे जाण्याची जर्मन योजना यांकडेच पाहिले पाहिजे. स्लावबंधुत्वाची भाषा पीटर्सबर्गमध्ये बोलली जाई, पण ज्या पोलिशांवर व युक्रेनियनांवर रशियाचे राज्य होते तेही स्लावच होते. भाषेवरून राष्ट्र ठरते हा सिद्धान्तच मुळात किती डळमळीत आहे हे अल्सेसने दाखविले आहे. तेथील बहुसंख्य लोकांची बोली जर्मन. तरीही १८७१ मध्ये जर्मनीत घातल्यावर त्यांनी १८७४ च्या निवडणुकीत निषेध करणारे प्रतिनिधी पाठविले. रनाँने १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात भाषेपेक्षा एकत्र राहण्याच्या इच्छेवर भर दिला, तो हा अनुभव समोर ठेवून.

युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतच पलटणभाषा शिकलेले कायम सेवेतील अधिकारी मोठ्या संख्येने गॅलिशियात व सर्बियात कामी आले, आणि त्यांच्या जागी आलेल्या राखीव अधिकाऱ्यांना पुष्कळदा आपल्या शिपायांची भाषा येत नव्हती. १९१८ मध्ये राज्य कोसळले. १९२० च्या त्रियानाँ तहानंतर सुमारे ३० लाख मग्यार हंगेरीबाहेर राहिले, आणि चेकोस्लोव्हाकियात जवळपास तितकेच जर्मन. त्या नव्या देशाने २९ फेब्रुवारी १९२० च्या कायद्याने आपली राज्यभाषा 'चेकोस्लोव्हाक' असल्याचे ठरविले. सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन यांच्या नव्या राज्याच्या घटनेने 'सर्बो-क्रोएशियन-स्लोव्हेन' ही अधिकृत भाषा घोषित केली. ती घटना संमत झाली तो दिवस २८ जून १९२१ हा होता. या दोन्ही नावांची एकेक भाषा बोलणारा मनुष्य कोणाही बोलीसंशोधकाला भेटल्याची नोंद नाही.